सारवणावरचा चेंडू

कार्तिक शुद्ध त्रयोदशी, शके १७८६. अमरावती

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गोट्या खेळू लागलो आहे. खेळाचे नाव साहेब 'गोल्फ' सांगतो. टोकाला लाकडी टाच असलेली काठी, लिंबाएवढा चेंडू, आणि जमिनीत गोट्यांची असते तशी गल. काठीने चेंडू ढकलत न्यायचा आणि गलीत घालायचा. एवढ्यासाठी साहेबाच्या मुलखात म्हणे पिकल्या केसांचे लोक पावसात भिजत उभे राहतात.

मूळ खेळ बराच लांबलचक आहे. मॅकरे साहेब आमच्या कापसाच्या पेढीवर आला तेव्हा दूरचे टोलेही हाणीत असे. पहिला चेंडू तुरीत हरवला, दुसरा नत्थुजी पाटलांच्या बैलाला लागला, तिसरा विहिरीत गेला. नवे चेंडू मुंबईहून यायला दोन महिने लागतात. तेव्हा आता गलीजवळचा नाजूक भाग तेवढा उरला आहे. त्याला साहेब 'पटिंग' म्हणतो.

त्यासाठी त्याला हिरवळ हवी होती. कार्तिकात वऱ्हाडात हिरवे म्हणून पोपट तेवढे उरतात. गवत वाळले, काळ्या जमिनीला भेगा पडल्या. शेवटी आमच्या गोदामात कापूस निवडणाऱ्या मैनाबाईने भेगा बुजवल्या, जमीन चोपली आणि सगळे मैदान शेणाने सारवून दिले. साहेब खूश होऊन बुटांसकट त्यावर चढला. मैनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, सारवणावर बूट? आमी तं कुत्र्यालेबी येऊ देत नाही." तेव्हापासून लिव्हरपूलला गासड्या पाठवणारा हा माणूस मोज्यांवर खेळतो.

आज त्याने काठी माझ्या हाती दिली. मी चौदा वेळा ढकलले. गलीने चौदा वेळा मला नाकारले. साहेब पोट धरून हसला. म्हणाला, "पंतजी, कलम जैसा पकड़ो!" मी कलम धरतो तशी काठी धरली तर चार घरी सुतक येईल, हे त्याला कोण सांगणार?

हसण्याचा मक्ता या गावात माझा आहे. तो दुसऱ्याने घेतलेला मला चालत नाही. उद्यापासून सराव.

कार्तिक वद्य प्रतिपदा

दोन दिवस कचेरी सुटल्यावर ढकलतो आहे. माझ्या पद्धती अशा. प्रथम श्वास रोखून पाहिला; चेंडू हातभर अलीकडे थांबला. मग एक डोळा मिटून पाहिले. चेंडू मिटलेल्या डोळ्याच्या बाजूला गेला. मग गलीकडे न पाहता फक्त चेंडूकडे पाहिले, तेव्हा कुठे पहिल्यांदा तो आत पडला. तो पडतानाचा 'टुप्' असा आवाज होतो. हा आवाज माणसाला बिघडवणारा आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

घरी सिंधू म्हणाली, "लोकांचे नवरे या वयात काशीला जायचं काढतात."

मी म्हणालो, "मी बसल्या जागी एकाग्रता साधतो आहे."

"साधा हो. पण धोतराला शेण लावून येता, ते कोण धुणार?"

कार्तिक वद्य षष्ठी

मोठा शोध लागला.

मैनाबाई सारवायला आली होती, मी ढकलत होतो. चेंडू सरळ जाई आणि गलीजवळ दम गेला की उजवीकडे वळे. दर वेळी. मी जमिनीला दोष दिला.

"जमिनीले काय बोलता पंतजी?" ती मान वर न करता म्हणाली. "तुमी माह्या हातावरून चालून राहिले."

"म्हणजे?"

"म्या उजव्या हातानं सारवते. हात असा डावीकडून इकडे फिरते. वाळलं का त्याचे वळ राहतात. चेंडूत जोर हाय तोवर तो तुमचा. जोर सरला का मंग माहा."

मी खाली वाकून पाहिले. खरेच, मैदानभर तिच्या हाताचे बारीक अर्धगोल वळ होते. मी गलीच्या डावीकडे चार बोटे नेम धरला आणि हळूच ढकलला. चेंडू गेला, दमला, उजवीकडे झुकला. टुप्.

दहांपैकी सात वेळा टुप्. निरीक्षणशक्ती मला वडिलांकडून आली आहे.

कार्तिक वद्य एकादशी

साहेबाला हरवले! सहा गलींपैकी चार माझ्या. साहेब मोज्यांत उभा राहून डोके खाजवू लागला. "कैसे किया, पंतजी?" मी सांगितले, प्राणायाम. तोही आता श्वास कोंडून ढकलतो आणि लालबुंद होतो.

मैनाबाई पदरात तोंड घालून खोकत होती. शेणाच्या वासाने होत असेल.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

अनर्थ.

साहेब माघात सहा महिन्यांसाठी लिव्हरपूलला जातो आहे. अमेरिकेत भाऊभाऊ लढत आहेत तोवर तिथल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा. पण कुठला अमरावतीचा, कुठला अकोल्याचा, हे त्यांच्या बोटांना कळत नाही. म्हणून हातात पुंजका धरताच धाग्याची लांबी सांगणारा एक माणूस तो सोबत नेणार. असे दोनच आहेत. अमरावतीला मी, अकोल्याच्या पेढीवर उत्तमराव.

निवड कशी? साहेबाने टेबलावर हात आपटला. दोघांनी नाताळच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला पटिंग खेळायचे. पटिंगला ज्याचा हात स्थिर, कापसालाही त्याचा स्थिर. जिंकेल तो आगबोटीत.

मी म्हणालो, साहेब, आमच्यात समुद्र ओलांडला तर...

त्याने हसून माझ्या पाठीवर थाप मारली. "मुझे मालूम है, अगस्ती!"

हे त्याला कोणी सांगितले ते मला शोधावे लागेल. गेली तीन वर्षे मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात 'अगस्ती' या नावाने पत्रे लिहितो. अगस्तीने समुद्र एका आचमनात संपवला आणि आमचे शास्त्री त्याच्या काठाला पाय लावायला घाबरतात, असा माझा विषय. आमच्या गावच्या शास्त्रीबुवांना परातीतल्या पाण्यातही जात बुडताना दिसते, हे वाक्य माझेच. फार गाजले. नागपुराहून तीन जणांनी कौतुक कळवले.

साहेबाने ती सगळी भाषांतर करवून वाचली आहेत. त्याच्या मते या वऱ्हाडात समुद्राला न भिणारा मी एकटाच आहे. आता मी 'नाही' म्हटले, तर पुढचे पत्र शास्त्रीबुवा लिहितील. आणि चांगले लिहितील.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

मोर्शीहून चिंतामणपंतांचे पत्र. यांच्या नातवाशी आमच्या ताराचे ठरले आहे, फाल्गुनात लग्न. लिहितात: 'आपण जलपर्यटनास निघाल्याची वार्ता ऐकतो. खोटी असावी. खरी असल्यास आम्हांस अन्यत्र पाहणे भाग पडेल, याचा खेद वाटतो.'

पत्र सिंधूला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला जायचंय का?"

"जायचं-न जायचं माझ्या हातात कुठे आहे? सामना आहे."

"मी सामन्याचं नाही विचारलं."

मी म्हणालो, "मी स्वतःच्या तोंडाने नाही म्हणू शकत नाही. सगळा मुलूख हसेल."

"बरं," म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. मला वाटले होते रडेल. रडली असती तर निदान रागावता आले असते.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

विशेष काही नाही. दिवसभर भीती वाटली.

मार्गशीर्ष पौर्णिमा

तोड सापडली. हरायचे.

नकार द्यायला नको, माफी मागायला नको. अगस्ती समुद्राकडे निघाला होता, एका गलीने अडवला. यात कोण हसणार? म्हणून आठवडाभर चुकण्याचा सराव करतो आहे. पण चुकवणे हे गलीत घालण्यापेक्षा अवघड निघाले. साहेब बाजूला उभा असतो, तेव्हा चूक प्रामाणिक दिसली पाहिजे. आज मुद्दाम वेडावाकडा ढकललेला चेंडू दगडाला आपटून गलीत पडला. साहेबाने टाळ्या वाजवल्या.

इथे कोणी वाचणारे नाही, तर एक लिहून टाकतो. मला प्रायश्चित्ताचे भय नाही. ते घेता येते, आणि घेऊन झाल्यावर त्यावर चार पत्रेही लिहिता येतात. ताराचे भय आहे. तिचे ठरलेले मोडले तर ती दोरी माझ्या गळ्याला. पण त्याच्याही खाली आणखी एक आहे. लिव्हरपुलात मी बाजारातून जाईन आणि कोणाची मान वळणार नाही. माझे बोलणे कोणाला कळणार नाही. माझ्यावाचून सगळे हसतील, आणि मी कापसाचा पुंजका हातात घेऊन उभा. इथे माझी जीभ म्हणजे मी. ती नेता येत नाही.

सरावाला मैनाबाई होती. मी सलग चार चुकवले, तेव्हा म्हणाली, "पंतजी, तुमाले जायाचं नाही ना?"

"कोणी सांगितलं?"

"चेंडूनं."

मार्गशीर्ष वद्य नवमी. मूर्तिजापूर

वाटेत मुक्काम. साहेब घोड्यावर पुढे गेला. आमची एक छपराची हलकी दमणी, मागे एक बैलगाडी. सिंधूने ऐनवेळी गोदाबाईला, म्हणजे अकोल्याच्या मावशीला, भेटायचे काढले आणि ताराला घेऊन बरोबर निघाली. साहेबाने मैनाबाईलाही आणले आहे. अकोल्याचे मैदान त्याच्या मनासारखे सारवलेले नाही.

सिंधू दमणी सोडून दोन कोस मैनाबाईच्या गाडीत बसली. विचारले तर म्हणे, दमणीत हादरे फार. बैलगाडीत कमी असतात हे मला नवीन.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी. अकोला

उत्तमराव भेटला. पंचविशीचा, कुणब्याचा मुलगा, बार्शीटाकळीकडचा. इंग्रजी बरे बोलतो. मी मनात त्याच्यावर दोन-तीन वाक्ये तयार ठेवली होती, ती वाया गेली. त्याने वाकून नमस्कार केला.

"पंतजी, मले चार दिस झोप नाही लागली जी."

"का रे?"

"मले जायाचं हाय. लय जायाचं हाय. बापाले सांगतलं तं बाप म्हणे, तथी कापूस पिकते का? म्या म्हटलं, बोंडबी नाही. बाप म्हणे, मंग ज्याईच्या घरी बोंड नाही, ते आपल्या कापसाचा भाव काहून ठरवून राहिले? जाय, पाहून ये."

मला हे सुचले नव्हते. तीन वर्षांच्या पत्रांत एकदाही सुचले नव्हते.

मग त्याने मैदानावर ढकलून दाखवले. हात असा कापत होता की चेंडूला हुडहुडी भरल्यासारखे वाटले. देवा, याच्याशी हरायचे तरी कसे?

मैनाबाईने आज सगळे सारवले. साहेबाला शुभ्र हवे म्हणून वरून पांढऱ्या मातीचा हात दिला. वळ आता दिसत नाहीत. मला दिसायची गरजही नाही. तिचा हात मला पाठ आहे.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, सोमवार

सविस्तर लिहितो.

सकाळी मैदानावर गेलो तर मैनाबाई सहाव्या, म्हणजे शेवटच्या गलीभोवतीचे पुन्हा सारवत होती. कोंबड्या फिरल्या म्हणे. तिच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. काटा गेला म्हणे. सिंधू जवळ उभी होती. एवढ्या सकाळी ती इथे कशी, तर ताराला साहेबाचे मैदान पाहायचे होते. तारा मात्र कुठे दिसली नाही.

उन्हे कलल्यावर खेळ. अकोल्याचा निम्मा बाजार लोटला होता. कापसाने सगळ्यांनाच बरे दिवस आणले आहेत. एक पाटील गळ्यात दोन घड्याळे घालून आले होते. दोन्हींत वेगळी वेळ, आणि दोन्ही बंद.

नियम सोपा. पाच गली मोजायच्या. सारख्या पडल्या, तर सहाव्या गलीत जो आधी चेंडू घालील तो जिंकला.

पहिल्या गलीत मी हातभर चुकवला. उत्तमरावाने दोन हात. दुसऱ्यात मी अलीकडे ठेवला. त्याने पलीकडे कुंपणात घातला. मी जितका वाईट खेळे, त्याहून एक बोट वाईट तो. तरी दोन्ही गली बरोबरीत सुटल्या. बिचाऱ्याला इतके जिंकायचे होते की काठी हातातून निसटत होती. तिसरी मला जिंकावी लागली, कारण चेंडू गलीच्या काठावर होता आणि तिथून चुकवणे आंधळ्यालाही शोभले नसते. कशीबशी चौथी त्याला दिली. पाचवी दोघांनी मिळून इतकी रखडवली की साहेबाने ती बरोबरीत सोडून चहा मागवला.

सहावी. आळीपाळीने ढकलायचे. दोन-दोन झाले. माझी पाळी आली तेव्हा माझा चेंडू गलीपासून तीन हातांवर होता. उत्तमरावाचा चार.

मी वाकलो. साहेबाने टोपी काढली. दोन घड्याळांच्या पाटलांनी शेजाऱ्याला म्हटले, "हा बामण घालते पाहा."

इथे मी खोटे लिहू शकलो असतो. पण कोणासाठी? त्या क्षणी मला ना मोर्शी आठवली, ना तारा, ना माझी पौर्णिमेची तोड. फक्त तो 'टुप्' ऐकायचा होता. एवढ्या लोकांसमोर एकदा. मी डावीकडे चार बोटे नेम धरला, अगदी नेहमीसारखा, आणि जन्मात ढकलला नसेल इतका सुरेख ढकलला. समुद्र माझ्यापासून तीन हातांवर होता आणि मी सरळ त्याच्याकडे निघालो होतो.

चेंडू गेला. दमला. आणि डावीकडे वळला.

डावीकडे! महिनाभर जो उजवीकडे झुकला, तो मला पाठ दाखवून गलीपासून वीतभर दूर जाऊन बसला.

उत्तमरावाने डोळे मिटले आणि असा जोरात ढकलला की वळायला चेंडूला फुरसतच मिळाली नाही. गलीच्या मागच्या काठाला आपटला, उडाला, आत पडला.

गलका झाला. उत्तमराव मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. साहेब माझ्याकडे आला. म्हणाला, "पंतजी, बहुत अफ़सोस." मी मान खाली घातली. खाली घातली ती चेहरा दिसू नये म्हणून, कारण पोटातून काहीतरी हलके हलके वर येत होते. हसू होते बहुधा. गेला महिनाभर श्वास अर्धाच घेत होतो, हे मला तेव्हा कळले.

उत्तमराव पाया पडायला आला. "पंतजी, तुमी मुद्दाम सोडलं माह्यासाठी. म्या पाह्यलं. असा सुंदर चेंडू कोणाचा चुकत नाही."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

एकाच गोष्टीचा उलगडा होत नाही. डावीकडे का? विचार करून असे ठरवले की अकोल्याची मातीच उलट्या स्वभावाची. अमरावतीला हे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे.

मार्गशीर्ष अमावास्या. वाटेवर

सिंधूने आपला नवा, अजून घडीही न मोडलेला खण मैनाबाईला दिला. का, तर म्हणे मुलुखाबाहेर येऊन तिने मेहनत केली. बायका कधी उदार होतील सांगता येत नाही. मैनाबाई दोन्ही हातांनी हरभऱ्याचे घाटे सोलत गाडीत बसली होती. काटा लवकर निघाला.

तिला म्हटले, "मैनाबाई, माझा चेंडू डावीकडे गेला. पाहिलंस?"

"पाह्यलं जी."

"का गेला असेल?"

"त्याले घरी जायाचं असन," ती म्हणाली, आणि एक घाटा सोलून माझ्या हातावर ठेवला.

पौष शुद्ध चतुर्थी. अमरावती

झोप छान लागते. जेवण जाते. कचेरीत, गावात सगळ्यांनी सहानुभूती दाखवली, शास्त्रीबुवांनीसुद्धा. मी उसासे टाकून ती स्वीकारतो आहे. अगस्तीचे नवे पत्र लिहायला घेतले: तीन हातांवरून समुद्र हुकलेल्या माणसाची कैफियत. सुरेख जमते आहे. फक्त उत्तमरावाच्या बापाचा तो प्रश्न त्यात कुठे बसवावा, ते समजत नाही. जिथे घालावा तिथे माझी बाकीची वाक्ये लहान दिसतात.

आज साहेब निरोप घेऊन मुंबईला गेला; आगबोट माघात. बैलांची धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकात उभा होतो. थोडे वाईटही वाटले. थोडेच.

पौष शुद्ध सप्तमी

मोर्शीहून चिंतामणपंतांचे पत्र आले, वाटेत कुठेतरी रखडलेले. 'आपला परदेशगमनाचा बेत रहित झाल्याचे खात्रीलायक समजले. परमसंतोष जाहला. फाल्गुनातील मुहूर्त कायम.' तारा पत्राभोवती नाचून गेली. तिला नवे पैंजण कबूल झाले आहेत. मी पत्र दोनदा वाचले आणि भिंतीला टेकून बसलो. सुटलो.

मग शेवटची तिथी पाहिली: मार्गशीर्ष वद्य दशमी. म्हणजे सामन्याच्या तीन दिवस आधी!

सिंधूला दाखवले. "बघ. घराण्यात चार पिढ्या पंचांग, आणि साधी तिथी धड लिहिता येत नाही. दशमीला यांना काय स्वप्न पडलं होतं?"

ती वाती वळत होती. म्हणाली, "म्हातारपण. चुकतं माणूस."

मी दौत ओढली आणि पत्रावरची दशमी खोडून नीट चतुर्दशी केली. पुढेमागे कोणी वाचले तर घोटाळा नको.

"बरं केलंत," सिंधू म्हणाली. "तुमच्यासारखं बारीक कोण बघणार?"

तिच्या तोंडून असे क्वचितच निघते. फार बरे वाटले.